पाच हजारही न खपलेला निक ड्रेकचा पहिला अल्बम जग आज का ऐकतंय?

सिगरेट स्वतः वळून ओढणाऱ्यांना रिझला हे नाव माहीत असतं. पातळ कागदांचं छोटंसं पाकीट. पूर्वी त्यातले कागद संपत आले की मधेच एक वेगळा कागद हाताला लागायचा. आता पाचच पानं उरलीत, नवीन पाकीट घ्या, एवढंच त्यावरून सुचवलेलं असायचं.

१९६९ मध्ये एका इंग्रज पोराने तेवढ्यावरून आपल्या पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं, 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट'. पोरगं तेव्हा एकवीस वर्षांचं होतं. नाव निक ड्रेक.

पाच वर्षांनी तो गेला. पाच पानं, पाच वर्षं. मग काय, लोकांनी या नावात भविष्यवाणी शोधली. अल्बममधल्या प्रत्येक गाण्यात त्याचा मृत्यू ऐकू यायला लागला. उदास, हरवलेला, जगाशी न जमलेला कवी अशी त्याची प्रतिमा पक्की झाली, आणि सोशल मीडियावर आजही तीच फिरते.

पण हा अल्बम बनला कसा ते पाहिलं, तर तिथे हरवलेला पोरगा सापडत नाही. तिथे सापडतो तो आपल्याला काय हवंय हे नेमकं माहीत असलेला आणि त्यासाठी मोठ्या माणसांना शांतपणे नाही म्हणणारा निक.

त्याची सुरुवात इंग्लंडपासून बरीच लांब होते. निकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनचा. त्याचे वडील रॉडनी ड्रेक इंजिनिअर होते आणि नोकरी करत होते बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये. हे नाव शेअर बाजारात पैसे लावणाऱ्यांच्या ओळखीचं असेल. १८६३ मध्ये सुरू झालेली, ब्रह्मदेशातल्या सागवानावर मोठी झालेली ही कंपनी आज वाडिया समूहात आहे आणि ब्रिटानिया बिस्किटांची मालकी तिच्याच छत्राखाली येते.

आई मॉली. तिचे वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले मोठे अधिकारी. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्या तेव्हा मॉली भारतात आली. दिल्लीत असताना ती आणि तिची बहीण ऑल इंडिया रेडिओवर जोडीने गायच्या. निकची थोरली बहीण गॅब्रिएल १९४४ मध्ये लाहोरला जन्मली. ती पुढे इंग्लंडमध्ये नावाजलेली अभिनेत्री झाली.

निक अगदी लहान असतानाच हे कुटुंब मायदेशी परतलं आणि वॉरिकशायरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन नावाच्या गावात स्थिरावलं. घराचं नाव फार लीज. या घरात एक पियानो होता आणि त्यावर मॉली स्वतः लिहिलेली, स्वतः चाली लावलेली गाणी म्हणायची. बाहेर कुठे नाही, घरातच. रॉडनींना यंत्रांची हौस. त्यांनी ती गाणी टेपवर उतरवून ठेवली. मॉली गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०११ मध्ये या घरगुती टेपांचा अल्बम निघाला. तो ऐकणाऱ्याला निकच्या चालीतला तो विचित्र, गोड, मधेच सावलीत शिरणारा वळसा कुठून आला हे सांगावं लागत नाही.

निक शिकला मार्लबरो कॉलेज या महागड्या निवासी शाळेत. आजच्या प्रतिमेत न बसणारी गोष्ट म्हणजे तो तिथे चांगला धावपटू होता. शाळेच्या बँडमध्येही वाजवायचा. १९६५ मध्ये त्याने १३ पौंडांना पहिली गिटार घेतली आणि मग अभ्यास मागे पडला. १९६७ मध्ये केंब्रिजला जायच्या आधी काही महिने तो दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स या गावी राहिला. मित्रांसोबत मोरोक्कोला जाऊन आला. परत आला तेव्हा त्याची गिटार वेगळंच काहीतरी बोलायला लागली होती.

हे वेगळं म्हणजे काय? गिटारच्या सहा तारा लावायची एक ठरलेली पद्धत आहे आणि बहुतेक वादक जन्मभर तीच वापरतात. निकने ती सोडली. गाण्यागणिक तो तारा वेगळ्या सुरांत लावायचा. त्यामुळे एरवी हाताला न सापडणारे सूर एकाच वेळी वाजायचे, आणि खालच्या तारा तंबोऱ्यासारख्या घुमत राहायच्या. त्यावर उजव्या हाताच्या बोटांचं काम घड्याळासारखं पक्कं. आजही त्याची गाणी शिकायला बसलेले गिटारवादक आधी निम्मा वेळ तारा लावण्यातच घालवतात. या सवयीची किंमत त्याला पुढे मोजावी लागणार होती.

१९६७ च्या ऑक्टोबरात तो केंब्रिजच्या फिट्झविल्यम कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला दाखल झाला. त्याच हिवाळ्यात लंडनच्या राउंडहाउसमध्ये एका कार्यक्रमात तो गायला. प्रेक्षकांत फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडचा बास वादक अ‍ॅशली हचिंग्ज होता. इंग्लंडची जुनी लोकगीतं आणि इलेक्ट्रिक गिटार यांचं जे लग्न लागलं, ज्याला पुढे ब्रिटिश फोक रॉक म्हणू लागले, त्यातला हा महत्त्वाचा माणूस. त्याने निकचं नाव आपल्या निर्मात्याला सांगितलं. तो निर्माता म्हणजे जो बॉइड.

बॉइड अमेरिकन. वय पंचविशीचं. पिंक फ्लॉइडचं पहिलं सिंगल त्यानेच केलेलं. लंडनमध्ये त्याची विचसीझन नावाची कंपनी होती. निकने त्याला चार गाण्यांची टेप नेऊन दिली. बॉइडने ती ऐकली आणि एकोणीस वर्षांच्या, अजून कॉलेजात असलेल्या पोराला थेट अल्बम देऊ केला.

रेकॉर्डिंग सुरू झालं ते चेल्सीतल्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत. इथे कधीकाळी डेअरी होती. ध्वनिमुद्रक जॉन वुड. निक केंब्रिजहून ट्रेनने यायचा, गाणी करायचा आणि परत जायचा. तासांना दांडी ठरलेली. हे असं वर्षभर चाललं.

बॉइडच्या डोक्यात लेनर्ड कोहेनचा पहिला अल्बम होता. आवाज कानाशी आल्यासारखा, फार चकचकीत न केलेला, आणि मागे हलकासा वाद्यमेळ. त्यासाठी त्याने रिचर्ड ह्यूसन हा अनुभवी संयोजक आणला. ह्यूसनने बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीसाठी कामं केलेली, म्हणजे माणूस कसलेला. व्हायोलिनवाले बसले, गाणी वाजली. सगळं व्यवस्थित झालं आणि निकला ते आवडलं नाही. बॉइडलाही ते पटलं नव्हतं, पण आता पुढे काय हे त्याला सुचत नव्हतं.

आणि इथे एरवी तोंडातून चार शब्द न काढणाऱ्या निकने सांगितलं की केंब्रिजला त्याचा एक मित्र आहे, तो हे काम करेल.

हा मित्र म्हणजे रॉबर्ट कर्बी. संगीताचा विद्यार्थी. आयुष्यात एकदाही व्यावसायिक स्टुडिओत काम न केलेला. एखाद्या मराठी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला नवख्या गायकाने नामवंत संयोजकाला बाजूला सारून आपल्या हॉस्टेलवरच्या मित्राचं नाव पुढे करावं, तसाच हा प्रकार. पैसा बॉइडचा, स्टुडिओ भाड्याचा, वाद्यवृंदाचे लोक तासावर पैसे घेणारे. पण निक ठाम होता. हे दोघं केंब्रिजमध्ये छोट्या वाद्यवृंदासोबत ही गाणी आधी वाजवून बसले होते, त्यामुळे त्याला कानाने माहीत होतं की हे जमतंय.

बॉइडने जुगार खेळला. कर्बी आला आणि त्याने वाद्यवृंदाकडून 'वे टू ब्लू' वाजवून घेतलं. या गाण्यात गिटार नाहीच, फक्त तंतुवाद्यं आणि निकचा आवाज. जॉन वुडने कंट्रोल रूममध्ये आवाज सुरू केला आणि तिथले सगळे गप्प झाले. विषय तिथेच मिटला.

पण कर्बीने सगळं केलं नाही. 'रिव्हर मॅन' हे गाणं त्याने सोडलं, कारण ते आपल्याला झेपणार नाही हे त्याला कळत होतं. ते पाच मात्रांचं गाणं आहे. आपल्याकडे दहा मात्रांचा झपताल ऐकलेल्यांना त्याच्या निम्म्यावर डोलणं कठीण नाही, पण पाश्चात्त्य पॉपच्या कानाला चारांची सवय. तिथे पाच म्हणजे प्रत्येक वेळी पायरी चुकल्यासारखं. निकने मात्र ते इतकं सहज बांधलंय की मोजायला बसल्याशिवाय मात्रा कळतच नाहीत.

हे काम गेलं हॅरी रॉबिन्सनकडे. रॉबिन्सन म्हणजे हॅमर कंपनीच्या भुताखेतांच्या सिनेमांना संगीत देणारा माणूस. निकने त्याला गाणं वाजवून दाखवलं आणि इंग्रज संगीतकार डेलियससारखं वातावरण हवं असल्याचं समजावलं. रेकॉर्डिंगला निक वाद्यवृंदासोबतच बसून गायला आणि त्याच वेळी गिटारही वाजवली. आधी गाणं, नंतर व्हायोलिन चिकटवलं, असा प्रकार नाही. व्हायोलिन नदीसारखी वर येतात आणि ओसरतात. अख्ख्या अल्बममध्ये एकच गाणं ऐकायला वेळ असेल, तर हेच ऐकावं.

बाकी वादकांची यादीही लहान नाही. पेंटँगल या बँडचा डॅनी थॉम्पसन डबल बासवर. 'टाइम हॅज टोल्ड मी' मध्ये फेअरपोर्टच्या रिचर्ड थॉम्पसनची इलेक्ट्रिक गिटार. रोलिंग स्टोन्सच्या 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' मध्ये कोंगा वाजवणारा घानाचा रॉकी इथेही कोंगावर. 'चेलो साँग' मध्ये चेलो आणि कोंगा एकत्र आलेत, आणि हे दोघं एका खोलीत कसे नांदतील असं वाटत असतानाच ते नांदतात.

दहा गाणी, चाळीस-एक मिनिटं. आयलँड रेकॉर्ड्सने जुलै १९६९ मध्ये अल्बम बाजारात आणला.

मुखपृष्ठावर हिरव्या चौकटीत एका ओस पडलेल्या घराच्या खिडकीतून बाहेर बघणारा निक आहे. फोटो कीथ मॉरिसचा. मागच्या बाजूच्या फोटोत निक विटांच्या भिंतीला टेकून उभा आहे आणि एक माणूस त्याच्यासमोरून धावत चाललाय. वेष्टनावर गाण्यांचा क्रम चुकलेला. वर्षभर एकेक सूर जोखणाऱ्या पोराच्या पहिल्याच अल्बमवर ही छपाई.

त्या दिवसांत तो लंडनमध्ये बहिणीकडे राहत होता. एक दिवस तो तिच्या खोलीत आला, अल्बम तिच्या पलंगावर टाकला, हा घे म्हणाला आणि निघून गेला. आपला भाऊ अल्बम करतोय याचा गॅब्रिएलला तोवर फारसा पत्ता नव्हता.

आता अल्बम विकायचा होता, आणि नेमकं तेच त्याला येत नव्हतं.

त्या काळी अल्बम खपवायचे दोन रस्ते. रेडिओ आणि गावोगावचे कार्यक्रम. ऑगस्टमध्ये बीबीसीवर जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी तो गायला. २४ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शनच्या आधी त्याने कार्यक्रम केला. त्या वर्षी मे महिन्यात फेअरपोर्टच्या गाडीला अपघात होऊन त्यांचा ड्रमर मार्टिन लँबल गेला होता. त्यानंतर बँड पुन्हा उभा राहत होता आणि सभागृहात सगळे जीव कानात आणून बसले होते. तिथे निकला लोकांनी शांतपणे ऐकलं.

नंतरच्या क्लबांत आणि कॉलेजांत तसं नव्हतं. लोक बिअर पीत, गप्पा मारत. अशा ठिकाणी गाणाऱ्याला दोन गाण्यांच्या मधे विनोद करावे लागतात, लोकांना धरून ठेवावं लागतं. निक दोन गाण्यांच्या मधे काय करायचा? खाली मान घालून तारा लावायचा. प्रत्येक गाण्याला तारांचे सूर वेगळे, म्हणजे प्रत्येक वेळी मिनिटामागून मिनिटं शांतता. ज्या गोष्टीमुळे अल्बम इतका वेगळा झाला, तीच गोष्ट स्टेजवर त्याच्या मुळावर आली. जून १९७० मध्ये एका कॉलेजात तो गाणं अर्धवट सोडून उठला आणि चालता झाला. ते गाणं होतं याच अल्बममधलं 'फ्रूट ट्री'. त्यानंतर त्याने कार्यक्रमच सोडून दिले.

वर्तमानपत्रांनी अल्बमची थंड दखल घेतली. खप पाच हजारांच्या आतच राहिला. त्याच्या हयातीत त्याची एकच मुलाखत छापून आली, १९७१ मध्ये, आणि तीतही तो फारसं बोलला नाही. तो गात असतानाची एकही चित्रफीत आज अस्तित्वात नाही. आज लहान पोरांच्या वाढदिवसाचेही शंभर व्हिडिओ निघतात, हे लक्षात घेतलं की ही पोकळी केवढी आहे ते कळतं.

आणि मागे परतायचं दारही त्याने बंद केलं होतं. अल्बम आल्यावर, पदवीला एकच वर्ष उरलेलं असताना त्याने केंब्रिज सोडलं. रॉडनींनी पत्रातून समजावलं की पदवी असली की पडल्यावर झेलायला काहीतरी असतं. निकचं उत्तर असं होतं की आपल्याला झेलणारं काही नकोच आहे. यात कुणाला बेफिकिरी दिसेल. पण ज्याने नुकतंच नामवंत संयोजकाला घरी पाठवून आपलं म्हणणं खरं करून दाखवलं होतं, त्याच्या तोंडी ते साहजिक होतं.

पुढचं झपाट्याने घडलं. दुसरा अल्बम 'ब्रायटर लेटर' १९७१ मध्ये आला. यात ड्रम, ब्रास, सगळं होतं. तोही चालला नाही. बॉइड अमेरिकेला निघून गेला. निकला नैराश्याने घेरलं. १९७१ च्या ऑक्टोबरात त्याने फक्त जॉन वुडला सोबत घेऊन दोन रात्रींत 'पिंक मून' केला, गिटार, आवाज आणि एका ठिकाणी थोडा पियानो. १९७२ मध्ये तो आला आणि तसाच गेला. निक आईवडिलांकडे परतला. औषधं सुरू होती. दिवसेंदिवस बोलणं कमी होत गेलं. मधूनच तो गाडी घेऊन निघायचा आणि पेट्रोल संपलं की घरी फोन करायचा. १९७४ मध्ये त्याने आणखी काही गाणी रेकॉर्ड केली. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी तो आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडला. नैराश्यावरच्या औषधाची मात्रा जास्त झाली होती. चौकशीत आत्महत्या अशी नोंद झाली. जवळच्या अनेकांना ते कधीच पूर्ण पटलं नाही. वय २६.

'फ्रूट ट्री' या गाण्यात अशी कल्पना आहे की कीर्तीचं झाड मुळं मातीत खोल गेल्यावरच बहरतं, म्हणजे माणूस गेल्यावर. हेच गाणं पुढे करून लोक म्हणतात, बघा, त्याला सगळं आधीच कळलं होतं. पण ते लिहिणारा वीस वर्षांचा साहित्याचा विद्यार्थी होता, आणि अकाली गेलेले कवी हा त्या वयातल्या, त्या अभ्यासक्रमातल्या पोरांचा आवडता विषय असतो. ते लिहिलं तेव्हा अल्बम निघायचा होता, हातात करार होता आणि पुढ्यात सगळं आयुष्य होतं. आजार नंतर आला. तो मागे ओढून गाण्यांत भरणं म्हणजे त्या पोराने वर्षभर केलेल्या मेहनतीचं श्रेय त्याच्या दुखण्याला देणं.

मग हा अल्बम वाचला कसा? यात नशिबापेक्षा एका अटीचा हात मोठा आहे. बॉइडने अमेरिकेला जाताना विचसीझन कंपनी आयलँडला विकली, तेव्हा निकचे अल्बम कधीही यादीतून काढायचे नाहीत अशी अट घातली. न खपणारा माल कंपन्या दोन-चार वर्षांत बंद करतात. निकचे अल्बम मात्र कुठल्या ना कुठल्या दुकानाच्या कोपऱ्यात मिळत राहिले. एकाने घ्यायचा, दहा जणांना ऐकवायचा. १९७९ मध्ये तिन्ही अल्बमचा संच निघाला. १९८५ मध्ये ड्रीम अकॅडमी या बँडने आपलं गाजलेलं 'लाइफ इन अ नॉर्दर्न टाउन' हे गाणं निकला अर्पण केलं. पोरंपोरी फार लीजचा पत्ता शोधत टॅनवर्थला यायला लागली. रॉडनी आणि मॉली त्यांना घरात घेत, चहा देत. रॉडनी निकच्या घरगुती टेपांच्या कॉपी काढून पाहुण्यांच्या हातात ठेवत.

मोठा धक्का मिळाला तो १९९९ च्या शेवटी, अमेरिकेतल्या फोक्सवॅगनच्या जाहिरातीने. रात्री गाडीतून जाणारे चार मित्र आणि मागे 'पिंक मून'. त्यानंतरच्या काही महिन्यांत तो अल्बम अमेरिकेत आधीच्या सगळ्या वर्षांत मिळून खपला नव्हता इतका खपला, आणि तिथून लोक मागे मागे जात पहिल्या अल्बमपर्यंत पोचले. जाझ पियानोवादक ब्रॅड मेलडाउने 'रिव्हर मॅन' वाजवलं. पंडित रविशंकर यांची मुलगी नोरा जोन्स स्वतःचा पहिला अल्बम यायच्या आधी गिटारवादक चार्ली हंटरसोबत 'डे इज डन' गायली होती, तेही याच अल्बममधलं.

ह्यूसनऐवजी पुढे आलेला रॉबर्ट कर्बी नंतरही संगीत करत राहिला, मग पोटासाठी मार्केट रिसर्चच्या धंद्यात गेला. २००९ मध्ये तो वारला, तोवर जगभरचे लोक त्याला केंब्रिजच्या त्या दिवसांबद्दल विचारायला लागले होते.

२०२५ च्या जुलैमध्ये 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट' कसा बनला हे ऐकवणारा संच आला. त्यात १९६८ मधल्या पहिल्या सत्राची टेप आहे. ती गायिका बेव्हर्ली मार्टिनने इतकी वर्षं जपून ठेवली होती. आणि केंब्रिजमधल्या एका खोलीत केलेली आणखी एक टेप आहे. तीत निक कर्बीसाठी एकेक गाणं वाजवतो आणि मधे थांबून कुठे काय हवंय ते सांगतो. आवाज हळू आहे, थोडा लाजरा. पण तो अडखळत नाही. सांगून झालं की तो पुढचं गाणं धरतो.